मैदानाच्या आदल्या रात्री घरी जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, ७४ किलोला गादीवर लढता, लग्नाला पाच महिने झालेत. तीन आठवड्यांवर जिल्ह्याची निवड चाचणी आलीय आणि वस्तादांनी दीड महिना बायकोपासून लांब राहायला सांगितलंय. मागच्या चाचणीच्या आदल्या रात्री तुम्ही घरी होता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच फेरीत गुणांवर हरलात, आणि तेव्हापासून ती हार त्या रात्रीच्या नावावर जमा आहे. त्यात परवा तालमीत झोपेत वीर्य गेलं. आता ‘सगळी मेहनत वाया गेली, नाव मागे घेऊ का’ असं विचारताय.

नाव मागे घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी गेली बावीस वर्षं खेळाडूंच्या दुखापती आणि आजार बघतो. दवाखाना कोल्हापुरात, त्यामुळे येणाऱ्यांत निम्मे पैलवान. बाकी कबड्डीची पोरं, पोलीस भरतीची तयारी करणारे, आणि अलीकडे मॅरेथॉन पळणारी चाळिशीतली मंडळी. तुमचा हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, पण सरळ कोणीच विचारत नाही. खांदा दाखवायला येतात, खांदा दाखवून होतो, शर्टाची बटणं लावत दाराशी थांबतात आणि मग म्हणतात, “डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.” तुम्ही निदान लिहून विचारलंत, ते बरं केलंत.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. वीर्याबरोबर ताकद जाते का, हा एक. आदल्या रात्रीच्या संबंधाचा दुसऱ्या दिवशीच्या कुस्तीवर परिणाम होतो का, हा दुसरा. आणि मनात बसलेल्या भीतीचं काय करायचं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे. दुसऱ्याचं बरंचसं स्पष्ट आहे, पण थोडं परिस्थितीवर अवलंबून. तिसरा सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते तुमची मागची कुस्ती त्यानंच घालवली.

ताकदीपासून सुरू करू. आपल्या भाषेतच ही गाठ पक्की बसलेली आहे. वीर्य म्हणजे तो द्रव आणि वीर्य म्हणजे पराक्रमसुद्धा. झोपेत जे आपोआप होतं त्याला आपण स्वप्नदोष म्हणतो, म्हणजे दोष नावातच लावून ठेवलेला. तालमीत ‘लंगोटाचा पक्का’ याच्याइतकं मोठं कौतुक नाही. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना तालमीत येतं आणि पहिल्या वर्षातच त्याच्या कानावर पडतं की अन्नातून रस, रसातून रक्त, असं होत होत शेवटी सातवा धातू शुक्र तयार होतो आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून त्याचा एक थेंब बनतो. एवढं ऐकलेल्या मुलाला एकदा चादर ओली झाली की आपल्या अंगातलं सोनं वाहून गेलं असं वाटणारच. यात मुलाचा काही दोष नाही.

आता शरीरात प्रत्यक्ष काय असतं ते बघा. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर असतं, म्हणजे जास्तीत जास्त एक चहाचा चमचा. त्यातलं बहुतेक पाणी. शंभर मिलिलिटरमागे प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन मिलिलिटरमध्ये ०.१५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे तुमचं परवा रात्री जे ‘नुकसान’ झालं ते एका अंड्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. ते रक्तातून गाळूनही बनत नाही. बराचसा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या दोन ग्रंथी तयार करतात, आणि शुक्राणू अंडकोषात तयार व्हायला साधारण सत्तर दिवस लागतात. ते काम तुम्ही संबंध ठेवा न ठेवा, अखंड चालू असतं. न वापरलेले शुक्राणू शरीर मोडून शोषून घेतं. महिनाभर थांबलं म्हणून कुठली टाकी भरत नाही आणि तो साठा दंडात किंवा मांडीत जात नाही.

मग दमणूक? कॅनडात मॉन्ट्रियलला २०१३ साली २१ तरुण जोडप्यांच्या दंडाला ऊर्जा मोजणारं यंत्र बांधून हा हिशेब काढला. सरासरी पंचवीसेक मिनिटांत पुरुषाचे सुमारे १०१ कॅलरी खर्च झाले, बाईचे ६९. शंभर कॅलरी म्हणजे एका ज्वारीच्या भाकरीएवढेही नाहीत. तुमच्या सकाळच्या जोर-बैठकांचा एक टप्पा याहून जास्त खातो.

राहिला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाच्या शरीरातलं मुख्य लैंगिक संप्रेरक. तुमच्या वयाच्या मुलांना मोबाइलवर एक आकडा हमखास दिसतो की सात दिवस थांबलं की टेस्टोस्टेरॉन दीडपट होतं. तो आकडा चीनमधल्या २००३ सालच्या २८ पुरुषांच्या अभ्यासातून आलाय. पण त्याच अभ्यासात सातव्या दिवसाची ती वाढ पुढे टिकलेली नाही, आणि मोबाइलवर हे कोणी सांगत नाही. म्हणजे तो अभ्यास जसाच्या तसा खरा धरला तरी दीड महिना थांबण्याला त्यातून काहीच आधार मिळत नाही. शिवाय रक्तातला एक दिवसाचा चढ आणि कुस्तीतली ताकद यांचा असा थेट संबंध नसतो. ताकद बनते ती महिनोन् महिन्यांच्या मेहनतीनं, खुराकानं आणि झोपेनं.

आता दुसरा प्रश्न, आदल्या रात्रीचा. यावर खरोखर प्रयोग झालेत. १९६८ साली अमेरिकेत २४ ते ४९ वयाच्या १४ विवाहित माजी खेळाडूंच्या हाताची पकड दोनदा मोजली. एकदा आदल्या रात्री संबंध आलेला असताना, एकदा सहा दिवस थांबून. फरक सापडला नाही. १९९५ मध्ये ११ पुरुषांना ट्रेडमिलवर पार दमेपर्यंत पळवलं, बारा तास आधी संबंध आलेला असताना आणि नसताना. दोन्ही वेळा दम तेवढाच. २०१८ मध्ये वजनाचा व्यायाम करणाऱ्या १२ जणांच्या गुडघ्याचा जोर मोजला, तोही तेवढाच निघाला. आणि २०२२ मध्ये असे नऊ अभ्यास, मिळून १३३ माणसं, एकत्र तपासली. अर्ध्या तासापासून चोवीस तासांपर्यंत आधी आलेल्या संबंधानं ताकद, दम किंवा स्फोटक जोर यांवर फरक पडत नाही, असंच निघालं.

सगळे अभ्यास एका सुरात बोलतात असं मात्र नाही. तुर्कस्तानात तरुणांना बैठकांचं वजन उचलायला लावून एक प्रयोग झाला, त्यात गेल्या चोवीस तासांत संबंध आलेला असताना सरासरी वजन थोडं कमी भरलं. तो अभ्यास मी दडवणार नाही. पण एकेका गटात दहा-पंधरा ते पन्नास माणसं असतात, आणि त्या रात्री कोण किती झोपलं हे अशा प्रयोगांत घट्ट धरून ठेवता येत नाही. माझ्या मते सगळी मेख त्या झोपेतच आहे. आणखी एक गोष्ट. यातला एकही प्रयोग निकाली कुस्तीच्या शेवटच्या मिनिटाला झालेला नाही, सगळे प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरचे आहेत. त्यामुळे ‘काहीही फरक पडतच नाही’ असं शंभर टक्के कोणी सांगू लागलं तर त्याचंही तसंच्या तसं मानू नका. फरक असलाच तर इतका लहान आहे की पन्नास वर्षं शोधूनही तो नीट हाती लागलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

वेळेबद्दल मात्र एक उपयोगी गोष्ट सापडली आहे. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये वरच्या दर्जाच्या १५ खेळाडूंना सायकलच्या यंत्रावर पूर्ण जोर लावायला सांगितलं, एकदा संबंधानंतर दोन तासांनी आणि एकदा दहा तासांनी. जोर दोन्ही वेळा तेवढाच लागला. पण दोन तासांनी केलेल्या चाचणीत जोर थांबवल्यावर हृदयाचे ठोके खाली यायला वेळ लागला. दहा तासांनंतर तो फरक राहिला नाही. कुस्तीत एका दिवसात चार-पाच लढती होतात आणि दोन लढतींच्या मध्ये ठोके किती लवकर खाली येतात यावर पुढची लढत ठरते. म्हणून माझा नियम साधा आहे: वजन द्यायच्या, म्हणजे लढतीच्या दिवशी सकाळी नको. आदल्या संध्याकाळी-रात्री लवकर झालं तर शरीराला काही अडचण नाही. संबंधानंतर शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंग सैल पडतं, पुष्कळांना गाढ झोप लागते. मैदानाच्या आदल्या रात्री ज्यांना झोपच येत नाही त्यांना याचा फायदाही होतो.

इथे आपल्या घरांची गोष्ट आली. अभ्यासातलं जोडपं स्वतंत्र खोलीत असतं. तुमच्या घरी दोन खोल्या, आई-वडील, धाकटा भाऊ, आजी. नव्या जोडप्याला दार लावायला मिळतं ते सगळे झोपल्यावर, म्हणजे अकरा-साडेअकरानंतर. मग बोलणं, हसणं, भांडणं, सगळं तेव्हाच. झोपायला एक-दीड. तालमीत हजर व्हायचं पहाटे साडेचार-पाचला. तीन-साडेतीन तासांच्या झोपेवर लढणाऱ्याचे पाय जड पडतातच, आदल्या रात्री तो पोथी वाचत बसलेला असला तरी पडतील.

हे मी एका वहीत बघितलंय. सांगलीकडचा एक पैलवान माझ्याकडे आला, तुमच्यासारखाच नवं लग्न झालेला. “काल घरी गेलतो, आज हात लागंना,” अशी त्याची तक्रार होती. मी त्याला वाद घालून पटवायला गेलो नाही. दवाखान्यात पकड मोजायचं यंत्र आहे, ते त्याला चाळीस दिवसांसाठी दिलं आणि सांगितलं, रोज सकाळी तोंड धुतल्यावर उजव्या हातानं तीनदा दाबायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. शेजारी झोपेचे तास. आदल्या रात्री घरी बायकोजवळ असलास तर कोपऱ्यात ‘घ’. बाकी काही नाही.

चाळीस दिवसांनी तो वही टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. माझ्यासमोर टेबलावर उघडली आणि स्वतःच बोट फिरवायला लागला. बहुतेक दिवस छप्पन, सत्तावन्न, पंचावन्न. पाच सकाळी मात्र आकडा एकावन्नच्या खाली. त्यातल्या दोन सकाळींवर ‘घ’ होता, तीनवर नव्हता. एक गावच्या जत्रेच्या जागरणानंतरची, एक रात्रीच्या एसटीनं आल्यानंतरची, एक मोबाइलवर सामना बघत बसला त्यानंतरची. पाचही ठिकाणी झोप पाच तासांच्या आत. आणि ज्या रात्री घरी होता पण दहाला झोपला होता, तिथे ‘घ’ असूनही छप्पन, सत्तावन्न. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे तिचा काय संबंध न्हाई.” एका माणसाची वही म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळतं. पण माझ्या तोंडच्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्याला स्वतःच्या अक्षरातले आकडे पटले.

आता वस्तादांकडे येऊ, कारण त्यांचा अनादर करून तुमचं भलं होणार नाही आणि माझा तसा हेतूही नाही. त्यांचं कारण मला मान्य नाही, पण त्यांच्या नियमानं जे साधतं ते खरं आहे. तालमीत राहणारा पैलवान नऊला झोपतो, पहाटे उठतो, वेळेवर खातो, दुपारी पडतो, रात्री चौकात गप्पा मारत बसत नाही. मैदानाच्या आधी दोन-तीन आठवडे असं राहिलं तर कोणाचीही कुस्ती सुधारेल. पिढ्यान् पिढ्या वस्तादांनी बघितलं की तालमीत राहणारा पोरगा चांगला लढतो आणि घरी जाणारा ढिला पडतो, आणि श्रेय लंगोटाला दिलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सांभाळायचं म्हणून हा नियम कडक ठेवण्यात त्यांची जबाबदारीही दिसते. असं मानणारे आपणच पहिले आहोत असंही नाही. प्राचीन ग्रीसमध्ये तारेन्तमच्या इक्कोस नावाच्या खेळाडूची, तयारीच्या काळात तो स्त्रीसंगापासून लांब राही म्हणून, प्लेटोनं स्तुती केलेली आहे.

पण आपल्याकडचा वैद्यकविचार सरसकट बंदीचा आहे, हा समज बरोबर नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं गृहस्थासाठी ऋतूप्रमाणे माप दिलंय: थंडीत इच्छेप्रमाणे, वसंतात आणि शरदात तीन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पंधरवड्यानं. आकडे आज तसेच पाळावेत असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की बलाचा विचार करणाऱ्या त्या परंपरेनं लग्न झालेल्या माणसाला माप सांगितलं, पाप सांगितलं नाही. कडक ब्रह्मचर्य हा एक वेगळा मार्ग आहे. तो स्वतःच्या श्रद्धेनं घेतलेल्या पैलवानांबद्दल मला आदर आहे, आणि ते मनापासून पाळणाऱ्याला मोडायला मी कधीच सांगत नाही. तुमच्या पत्रावरून मात्र असं दिसतं की तुम्ही तो घेतलेला नाही, तुमच्यावर आलेला आहे.

उलट्या बाजूचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल, म्हणून तेही सांगून टाकतो. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चॅम्पियन्स ट्रॉफी होती तेव्हा भारतीय क्रिकेट संघाच्या मार्गदर्शकांची एक टिपणी बाहेर फुटली. संबंधानं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आक्रमकता वाढते, म्हणून खेळाडूंनी तो ठेवावा असं त्यात होतं. त्यावर देशभर चर्चा झाली. हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. बायको म्हणजे मैदानाआधी घ्यायचा खुराक नव्हे. तिची इच्छा, तिचा दिवसभराचा थकवा, तिची तब्येत यांना काही किंमत आहे की नाही? ‘उद्या कुस्ती आहे म्हणून’ जवळ जाणं आणि ‘उद्या कुस्ती आहे म्हणून’ तिला अस्पृश्यासारखं लांब ठेवणं, दोन्हीत तिला कोणी विचारलेलंच नसतं. तुम्ही लिहिलंय की ती गप्प गप्प असते आणि माहेरी जाऊ का म्हणते. पाच महिन्यांच्या नवरीला नवऱ्याच्या हरण्याचं कारण आपण आहोत असं घरात ऐकावं लागत असेल तर तिनं काय करावं? तिच्याशी एकदा स्पष्ट बोला.

भीतीबद्दल आता. मागच्या चाचणीच्या दिवशी तुम्ही गादीवर उतरलात तेव्हा तुमच्या डोक्यात काय होतं, ते तुम्हीच लिहिलंय: ‘पहिला पट गेला तेव्हाच कळलं, रात्रीचं भोवणार.’ पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, निसटणं कोणाच्याही कुस्तीत होतं. एरवी तुम्ही लगेच दुसरा डाव टाकला असता. त्या दिवशी तुम्ही दुसरा डाव टाकलाच नाहीत, कारण मनानं निकाल लागलेला होता. ज्याला पक्कं वाटतं की आपली ताकद गेली, तो अर्ध्या जोरानं लढतो, आणि हरल्यावर त्याचा समज आणखी घट्ट होतो. या चक्रात अडकलेली मुलं इतकी बघितली की या त्रासाला आपल्या देशात एक नावच पडलंय. डॉ. नरेंद्र विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. थकवा, पाय दुखणं, छातीत धडधड, झोप न येणं, सगळं खरंखुरं जाणवतं, पण मूळ असतं वीर्य गेल्याच्या चिंतेत. तुम्हाला तो आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. चिंतेनं अंग किती खरं दुखतं, ते कळावं म्हणून सांगितलं.

झोपेत वीर्य जाणं ही तरुण शरीराची साधी गोष्ट आहे, आणि बरेच दिवस संबंध नसला की ती जास्त होऊ शकते. म्हणजे दीड महिन्याच्या बंदीत ती होणं अपेक्षितच होतं. संडासला जोर करताना किंवा बैठका मारताना चिकट पांढरट थेंब आला तर तोही बहुतेक वेळा प्रोस्टेटचा द्रव असतो, त्यात काही बिघाड नाही. लघवीला आग होणं, पू येणं, रक्त दिसणं, अंडकोष सुजणं किंवा दुखणं, ताप, यांपैकी काही असेल तर मात्र लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि औषधानं बरा होतो.

आणि एक कळकळीची विनंती. धातू ‘बांधण्यासाठी’ कुठलंही चूर्ण, पुडी, बिनलेबलाची गोळी घेऊ नका. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मालात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लघवीत ते सापडलं की ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तेजकविरोधी नियमात चालत नाही, अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. माझ्यासमोर एक मुलगा रडलाय, ज्यानं फक्त स्वप्नदोष थांबावा म्हणून पुडी घेतली होती आणि खेळण्यावर बंदी ओढवून घेतली. आणि बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडतं, अंडकोष आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते. ज्याची भीती होती तेच हातानं ओढवून घेतलं जातं.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटते ती वेगळ्याच मुलाची. वीर्य गेलं म्हणून घाबरलेल्याला मी समजावून घरी पाठवतो. पण जो म्हणतो, “डॉक्टर, दोन महिने झाले, इच्छाच होत नाही, सकाळी ताठरताही येत नाही,” त्याला मी खुर्चीवर बसवतो. वजन उतरवायचं म्हणून उपाशी राहून दोन-दोन वेळा मेहनत करणाऱ्यांत हे दिसतं. शरीराला खर्चाएवढं अन्न मिळालं नाही की ते आधी पुनरुत्पादनाचं खातं बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेवर खेळाडूंना सावध केलं. २०१७ मधल्या एका पाहणीत हजाराहून जास्त पुरुषांना विचारलं, तेव्हा खूप लांब आणि खूप तीव्र मेहनत करणाऱ्यांत कामेच्छा कमी आढळली. अशा मुलाची हाडं कमकुवत होतात, दुखापती बऱ्या होत नाहीत, पकड उतरते. तालमीत त्याचं मात्र कौतुक होतं, की बघा, याचं मन कसं ताब्यात आहे. तुम्हाला सध्या इच्छा होते, झोपेत वीर्य जातं, याचा अर्थ तुमचं शरीर भुकेलेलं नाही. डॉक्टर म्हणून मला ते चांगलं लक्षण वाटतं.

मुलींबद्दलही दोन ओळी, कारण हे वाचणाऱ्यांत पैलवान मुली आणि धावपटू असतील. मघाचे अभ्यास जवळजवळ सगळे पुरुषांवरचे आहेत, १३३ पैकी ९९ टक्के. म्हणून मी अनुभवावरून एवढंच सांगतो की थकव्यापेक्षा इतर गोष्टी त्यांना जास्त आड येतात. संबंधानंतर लघवीचा संसर्ग बायकांना पटकन होतो, तेव्हा नंतर लघवीला जाऊन येणं आणि पाणी पिणं विसरू नका. गर्भनिरोधनाची सोय आधीच असू द्या. स्पर्धेच्या तोंडावर घाईनं घेतलेल्या गोळीनं मळमळ होऊ शकते आणि पाळी मागे-पुढे होते. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्या आणि उत्तेजक चाचणीच्या अर्जावर तिचं नाव लिहा.

आता तुमचे तीन आठवडे. आजच वही करा, मघाशी सांगितली तशी. यंत्र नसेल तर बारला लटकून किती सेकंद टिकता ते लिहा. झोपेचे तास प्रामाणिकपणे लिहा. पहिले दहा दिवस घरी राहत असाल तर रात्री दहाला दिवा बंद, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आईला सांगायला संकोच वाटेल, पण ‘चाचणी आहे, मला लवकर झोपायचंय’ एवढं पुरतं. त्या वेळेच्या आत तुम्हा दोघांचं जे काही असेल ते तुमचं, त्याचा कुस्तीशी हिशेब लावू नका.

शेवटचे दहा दिवस तालमीत राहायला जा. वस्तादांचाही मान राहील आणि झोप-जेवण हातात राहील. पण जाताना बायकोला कारण खरं सांगा: झोप आणि मेहनत. तिच्यामुळे ताकद जाते म्हणून चाललोय, असं तिला वाटता कामा नये. दिवसातून एकदा फोन करा. वस्तादांशी संबंधाच्या विषयावर वाद घालायची गरज नाही. “वस्ताद, शेवटचे दहा दिवस मी तालमीतच हाय,” एवढं म्हटलं तर ते खूश होतील. त्या दहा दिवसांत झोपेत पुन्हा वीर्य गेलं तर उठायचं, अंघोळ करायची, लंगोट बदलायचा आणि वहीत पकडीचा आकडा लिहायचा. आकडा रोजच्यासारखाच आलेला दिसेल.

चाचणीच्या आदल्या दिवशी काहीही नवीन नको. नवा पदार्थ नको, नवं औषध नको, वजन उतरवायला शेवटच्या घटकेला पळापळ नको. दोन किलो जास्त असाल तर ते आत्तापासून हळूहळू उतरवा. सकाळी वजन दिल्यावर आधी पाणी आणि मीठ-साखर, मग हलकं खाणं. आणि पहिल्या लढतीत पट निसटला तर काय टाकायचं, ते वस्तादांबरोबर आजच ठरवून पंधरा दिवस घोटून ठेवा. मागच्या वेळी तुमच्याकडे नेमकी तीच गोष्ट तयार नव्हती.